आजअखेर

परभणीत, बसस्टँडच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर.
खाली झेरॉक्स, वर आमचं ऑफिस, भिंतीवर पडदा,
पडद्यावर जिंतूर ते सेलू, शहाण्णव टॉवर.
पाया किती. उभे किती. तार किती ओढली.
रकाने तीन:
या महिन्यात. उद्दिष्ट. आजअखेर.

पहिला साइटवरून येतो, व्हॉट्सअॅपवर,
सिमेंटच्या बोटांनी टाइप केलेला.
दुसरा हैदराबादहून येतो, टाय लावून.
तिसरा माझा.
तो कुणी पाठवत नाही, तो जुळवावा लागतो.

सत्तावीस जानेवारीला फोन आला:
आजअखेर तीन टक्के?
साठातले दोन पाये?
नऊ महिने झोपला होता का तुम्ही लोक?
पडदा लाल. टाकळकर साहेब लाल.

मुंजाजी बिलावर सही करायला आलेला,
दारातच थांबला, चप्पल हातात.
"ताई, श्रावणात बोरीच्या शिवारात
अकरा खड्डे घेतले की आपण.
सगळं भारी रान. रात्री खांदलं की सकाळी हीर.
तीन इंजनं लावून पाणी काढायलो, गाळात मांडीइतके.
ते अकरा कुठं गेले?
का मशीन गिळायलंय?"

गिळलं नव्हतं.
सूत्र उघडून बघितलं तर
मशीनचं वर्ष एक जानेवारीला सुरू होत होतं.
आमचं एप्रिलला.
रात्री बारा वाजता, आम्ही झोपेत असताना,
कुणाचीही परवानगी न घेता त्यानं पाटी पुसली
आणि सकाळी विचारलं, काय केलंत आजवर?

माझ्या बापाचं वर्ष पाडव्याला सुरू व्हायचं.
सालगडी होता तो, चारठाण्याकडं.
मालकाच्या गोठ्यात भिंतीवर कोळशाच्या रेघा:
एक रेघ, एक खाडा.
कामाच्या दिवसाला रेघ नसायची.
नांगरलेलं, निंदलेलं, रात्री पाणी धरलेलं,
त्याचा कुठं रकानाच नव्हता.
वर्षाकाठी सतरा रेघा, सतरा दिवसांची कापणी,
मग चुन्याचा हात फिरायचा भिंतीवर
आणि नवं साल.
त्या सतरांत एक रेघ माझी आहे,
आई सांगते.
मी झाले त्या दिवशी तो घरी होता.

सूत्रात एवढंच लिहिलं: वर्ष संपतं एकतीस मार्चला.
लाल पट्टी थरथरली, हिरवी झाली.
साठातले सदतीस. एकसष्ट टक्के.
हैदराबादहून अंगठा आला.

टाकळकर साहेब म्हणाले, दर महिन्याच्या टक्क्यांची
सरासरी काढ ना, चौऱ्याहत्तर येतात, तेच दाखव.
म्हटलं, साहेब, एका महिन्यात दोनातले दोन केले, शंभर टक्के,
दुसऱ्यात विसातले पाच, पंचवीस.
म्हणून काय साडेबासष्ट होतात?
बाविसातले सात होतात.
टक्क्यात टक्का मिळवायचा नसतो,
खड्ड्यात खड्डा मिळवायचा असतो.
ते गप्प बसले. मग म्हणाले, चहा सांग.

एप्रिलला पुन्हा शून्य दिसेल, मला ठाऊक आहे.
म्हणून शेजारी एक चौथा रकाना केलाय,
कुणी मागितलेला नाही,
छापताना तो कागदाच्या बाहेर जातो:
काम सुरू झाल्यापासून.
त्यात बोरीचे अकरा आहेत. पुसायची तारीख नाही.

एकदा ऑफिस रिकामं होतं, लाईट जायच्या आत
तारखेच्या खान्यात माझी जन्मतारीख टाकली.
मशीननं जरा वेळ घेतला.
या दिवसाची नोंद नाही, म्हणालं.

बरोबर आहे.
ती दुसऱ्या भिंतीवर होती.

सात वाजता मुंजाजीचा मेसेज:
"आज १.
आजअखेर तुमी बगा."